मधुमेह आणि हृदय

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, मिर्झा इस्माइल मार्गाच्या दक्षिणेस, सी-स्कीम नावाची वसाहत आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात सर मिर्झा इस्माइल हे जयपूर संस्थानचे दिवाण असताना शहराच्या वाढीसाठी ज्या योजना आखण्यात आल्या, त्यांपैकी ही एक. अशोकनगर हे तिचे नाव कागदोपत्री राहिले. लोकांच्या तोंडी योजनेचे अक्षरच रुळले. रुंद रस्ते, सवाई जयसिंगांचा पुतळा असलेला चौक, बंगले, बँका, कचेऱ्या आणि डॉक्टरांचे दवाखाने असे तिचे आजचे स्वरूप आहे. पुण्याचे डेक्कन जिमखाना, नागपूरची धरमपेठ किंवा मुंबईची हिंदू कॉलनी ज्याने पाहिली आहे, त्याला ही वस्ती अनोळखी वाटणार नाही. मेजाशी बसून काम करणारा, वाहनाने ये-जा करणारा, दोन वेळच्या अन्नाची ददात नसलेला भारतीय मध्यमवर्ग अशाच वसाहतींतून वाढला. आणि त्याच्याबरोबर एक रोगही वाढला.

या वाढीचे मोजमाप जयपुरात झाले. डॉ. राजीव गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात 'जयपूर हार्ट वॉच' या नावाने शहरातील प्रौढ नागरिकांच्या पाहण्यांची मालिका सुरू केली. पहिल्या पाहणीत २,२१२ व्यक्ती तपासण्यात आल्या. पुढे काही वर्षांनी झालेल्या दुसऱ्या पाहणीत मतदारयाद्यांतून निवडलेल्या १,१२३ स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. वजन, रक्तदाब, हृदयाचा विद्युत् आलेख, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि उपाशीपोटीची साखर अशा अनेक गोष्टी तीत नोंदवल्या गेल्या. वीस वर्षांच्या काळात या पाहण्या पुनःपुन्हा झाल्या आणि शहरवासीयांची स्थूलता व कोलेस्टेरॉल वाढत चालल्याचे त्यांतून दिसून आले.

येथे जिज्ञासू वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील. ही पाहणी हृदयविकाराची होती. मग तीत रक्तातील साखर कशासाठी मोजली? साखर हा मधुमेहाचा विषय आणि छातीतील कळ हा हृदयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती अनेकांच्या जिवावर बेतते. ती कशी चुकीची आहे आणि तिच्या जागी कोणते ज्ञान असावयास हवे, हे सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

नावाने होणारी भूल

मधुमेह हा आपल्या वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक असलेला रोग आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे विस्तृत वर्णन आढळते. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही प्राचीनांनी नोंदवले होते. सुश्रुताने या रोगाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले. पहिल्यातील रोगी कृश असतो आणि दुसऱ्यातील बहुधा स्थूल, असा भेदही केला. आधुनिक वैद्यकाने जे दोन मुख्य प्रकार मानले आहेत त्यांच्याशी या भेदाचे साम्य लक्ष वेधून घेते.

परंतु मूत्रातील गोडीवरून पडलेले 'मधुमेह' हे नाव काय किंवा बोलीतील 'साखर झाली' हा प्रयोग काय, दोन्ही शब्द आपले लक्ष साखरेवरच खिळवून ठेवतात. तपासणीच्या कागदावरील साखरेचा आकडा उतरला की रोग आटोक्यात आला, असे रुग्ण मानतो आणि घरचेही मानतात. वस्तुस्थिती अशी आहे की, मधुमेही माणसांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. रक्तात वाढलेली साखर ही या रोगाची खूण आहे. त्याचा घाव मात्र रक्तवाहिन्यांवर पडतो.

हा घाव सोसणाऱ्यांची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात केलेल्या पाहणीत शहरांतील शेकडा २.१ आणि खेड्यांतील शेकडा १.५ व्यक्ती मधुमेही आढळल्या होत्या. याच परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधील हे प्रमाण शेकडा ११.४ भरले, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसे. गोव्यात ते देशात सर्वाधिक, शेकडा २६.४ इतके होते. दोन पाहण्यांच्या पद्धती सारख्या नसल्याने आकड्यांची तंतोतंत तुलना करणे योग्य होणार नाही. तथापि वाढीची दिशा आणि तिचा वेग यांविषयी शंका उरत नाही.

साखर रक्तात का साचते

भाकरी, भात, पोळी, बटाटा इत्यादी पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन त्यांचे ग्लुकोज बनते व ते रक्तात मिसळते. ग्लुकोज हे शरीराचे इंधन होय. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत पेशींचे लहान लहान पुंजके असतात. त्यांतून इन्शुलिन हा अंतःस्राव रक्तात येतो. इन्शुलिनचा आदेश मिळाला म्हणजे स्नायू व मेद यांच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, आणि यकृत आपल्या साठ्यातील साखर बाहेर सोडण्याचे थांबवते. अशा रीतीने जेवणापूर्वी व जेवणानंतर रक्तातील साखर ठरावीक मर्यादेत राहते.

ही व्यवस्था दोन प्रकारे बिघडते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा प्रकार बहुधा लहान वयात उद्भवतो, आणि इन्शुलिन टोचून घेण्यावाचून रुग्ण जगू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतून काही वर्षे वेळ निभावून नेते. पुढे ते थकते आणि साखर चढू लागते. भारतातील मधुमेह्यांपैकी फार मोठा वर्ग या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

यातील एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. पेशींनी इन्शुलिनला दाद न देण्याची अवस्था साखर वाढण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेली असते. त्या काळात रक्तदाब चढत असतो, रक्तातील मेदाचे प्रमाण बिघडत असते आणि कमरेचा घेर वाढत असतो. म्हणजे मधुमेहाचे निदान होते त्या दिवशी रोहिण्यांची हानी सुरू होते असे नव्हे. अनेकांच्या बाबतीत ती आधीच सुरू झालेली असते.

इन्शुलिनने टळलेला मृत्यू आणि त्यामागचा दुसरा

१९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून इन्शुलिन मिळवले. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध करण्याची रीत बसवली आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले टोचणे देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर काही महिने जगवण्यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले, आणि मधुमेहाचा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटले.

तो सुटला नव्हता. अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी आपल्या हजारो रुग्णांच्या नोंदी आयुष्यभर जपून ठेवल्या होत्या. इन्शुलिनपूर्व काळातील त्यांचे रुग्ण बहुधा मधुमेहजन्य बेशुद्धीने मरत. इन्शुलिन आल्यावर हे मृत्यू झपाट्याने घटले. पण वाचलेले रुग्ण दहावीस वर्षे जगल्यानंतर हृदय, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या यांच्या विकारांनी दगावू लागले. इन्शुलिनने एक मृत्यू दूर सारला, तेव्हा त्याच्या आड दडलेला दुसरा दिसू लागला.

हृदयविकाराची कारणे शोधण्यासाठी १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी हजारो रहिवाशांचे निरीक्षण सुरू झाले. वीस वर्षांच्या नोंदींवरून तेथील संशोधकांनी १९७९ साली दाखवून दिले की, मधुमेही व्यक्तीस हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा संभव इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असतो. सामान्यतः ऋतुनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना हृदयविकारापासून काही संरक्षण लाभते. मधुमेह ते संरक्षणही बव्हंशी हिरावून घेतो.

रोहिणीच्या भिंतीत काय घडते

हृदयापासून शरीरभर रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात. निरोगी रोहिणीचे आतले अस्तर एका पेशीच्या जाडीचे व गुळगुळीत असते. हे अस्तर गरजेप्रमाणे रोहिणीस सैल सोडते, तसेच वाहत्या रक्ताची गुठळी होऊ देत नाही. मधुमेहात या अस्तरावर चहूबाजूंनी आघात होतात. जादा ग्लुकोज भिंतीतील प्रथिनांना चिकटून बसते, आणि भिंत ताठ होते. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात यकृत अधिक मेद रक्तात सोडते. कोलेस्टेरॉल वाहणारे कण लहान व घन बनून अस्तराखाली सहज शिरतात. रक्तातील बिंबिका, म्हणजे गुठळी बांधणारे सूक्ष्म घटक, अधिक चिकट होतात. भरीला रक्तदाब वाढलेला असेल तर आधीच दुखावलेल्या अस्तरावर प्रत्येक ठोक्यागणिक जोराचा आघात होत राहतो.

अस्तराखाली शिरलेल्या मेदाभोवती पेशी जमतात, दाह होतो आणि भिंतीवर लेप चढावा तसा थर तयार होतो. यास रोहिणी-विलेपीविकार असे म्हणतात. थर हळूहळू वाढतो तोवर माणसाला काही कळत नाही. एके दिवशी थराचे वरचे कवच फाटते, त्या जागी क्षणार्धात रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. ही वाहिनी हृदयाच्या स्नायूस रक्त पुरवणारी हृद्‌रोहिणी असेल तर हृदयविकाराचा झटका येतो; मेंदूची असेल तर पक्षाघात होतो; पायाची असेल तर कोथ होऊन पायाचा भाग मरू लागतो. तिन्ही प्रसंगांची नावे निरनिराळी असली तरी बिघाड एकच आहे.

मोठ्या वाहिन्यांप्रमाणे अगदी बारीक वाहिन्यांनाही मधुमेह सोडीत नाही. त्यांच्या हानीमुळे डोळ्यातील दृष्टिपटल, मूत्रपिंड आणि मज्जातंतू निकामी होऊ लागतात. मूत्रपिंड बिघडले म्हणजे रक्तदाब आणखी चढतो व त्याचा भार पुन्हा हृदयावर येतो.

न दुखणारा झटका

हृदयविकाराचा झटका म्हटला की छातीच्या मध्यभागी आवळून धरल्यासारखी कळ, ती डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, अशी लक्षणे आपल्या डोळ्यांसमोर येतात. मधुमेह दीर्घकाळ असेल तर हृदयाच्या वेदना मेंदूपर्यंत पोहोचवणारे मज्जातंतूच बधिर झालेले असू शकतात. अशा रुग्णास झटका येतो, पण कळ येत नाही, किंवा अगदी सौम्य येते. अकस्मात धाप लागणे, कारण नसताना घाम फुटणे, मळमळ, घेरी किंवा कधी न जाणवलेला थकवा एवढ्याच खुणा दिसतात. घरात त्याला 'पित्त झाले' म्हणतात, सुंठ-लिंबू देतात आणि सकाळपर्यंत वाट पाहतात. बंद पडलेली वाहिनी जितक्या लवकर उघडावी तितका हृदयाचा स्नायू वाचतो. म्हणून ती गेलेली रात्र परत मिळत नाही. मधुमेही माणसास अशी लक्षणे एकाएकी दिसू लागली तर पित्ताचा विचार नंतर करावा आणि हृदयाचा विद्युत् आलेख आधी काढून घ्यावा.

भारतीयांच्या बाबतीत ही सावधगिरी लवकरच्या वयापासून बाळगावी लागते. ५२ देशांतील झटक्यांचा तौलनिक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सामग्रीच्या पुढील विश्लेषणात असे आढळले की, पहिला झटका येण्याचे मध्यम वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ वर्षे होते, तर इतरांत जवळजवळ ५९. कर्ता माणूस, मुलांची शिक्षणे अर्धवट, अशा वेळी हा घाला पडतो.

सडपातळ देहातील मेद

'मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह!' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या समजुतीचे उत्तर पुण्यातून मिळाले आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती माता व त्यांची मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास चालवला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. पुण्याकडील बाळे सर्वच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नव्हे. त्यांचे स्नायू बरेच कमी होते, मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. म्हणजे दिसण्यात कृश असलेला देह जन्मतःच मेदाळ होता.

प्रौढांतही हेच दिसते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२. हा मेद पोटाच्या पोकळीत, यकृताभोवती साचतो आणि इन्शुलिनला दाद न देण्याची वृत्ती वाढवतो. म्हणूनच भारतीयांसाठी अधिक वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ या निर्देशांकापासून धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक असणे धोक्याचे मानतात. शिंप्याची फीत या कामी वजनकाट्याहून अधिक बोलते.

साखर उतरवणे पुरेसे आहे काय?

साखर हेच सर्व अनर्थांचे मूळ असेल, तर ती शक्य तितकी खाली आणली म्हणजे हृदयही सुरक्षित राहावयास हवे. हा तर्क सरळ आहे. पण वैद्यकात तर्क कसोटीला लावावा लागतो.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निष्कर्ष जाहीर केलेल्या एका मोठ्या चाचणीत नव्याने मधुमेह झालेल्या ५,१०२ रुग्णांना घेण्यात आले. साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड इत्यादींच्या बारीक वाहिन्यांची हानी शेकडा २५ ने घटली. हृदयविकाराच्या झटक्यांतील घट मात्र त्या वेळी निर्विवाद ठरण्याइतकी नव्हती. दहा वर्षांनी पुन्हा पाहता ती स्पष्ट दिसली. याच चाचणीत ज्यांचा रक्तदाब कसून नियंत्रित केला होता, त्यांच्यात पक्षाघात शेकडा ४४ ने कमी झाले. लवकर सुरू केलेल्या उपचाराचे फळ उशिरा पण निश्चित मिळते, आणि रक्तदाबाकडे दुर्लक्ष करून मधुमेहाचा उपचार पुरा होत नाही, हे दोन धडे तीतून मिळाले.

अतिरेकाचा धडा दुसऱ्या चाचणीने दिला. अमेरिका व कॅनडा येथील १०,२५१ दीर्घकालीन रुग्णांपैकी निम्म्यांची साखर निरोगी माणसाइतकी खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक होऊ लागल्याने २००८ साली तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. जुन्या रोग्याची साखर किती उतरवावी हे त्याचे वय, हृदयाची स्थिती आणि साखर एकाएकी घसरण्याचा धोका पाहून ठरवावे लागते.

तिसरी चाचणी आकाराने लहान, पण आशयाने मोठी आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील स्टेनो मधुमेह केंद्रात १६० रुग्णांवर ती झाली. त्यांतील अर्ध्यांना साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांवर एकाच वेळी लक्ष देणारा उपचार मिळाला. सुमारे आठ वर्षांनी, २००३ साली हिशेब केला तेव्हा त्यांच्यातील हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या दुर्घटना निम्म्यावर आल्या होत्या. यात नवे असे एकही औषध नव्हते. जुनी साधने एकत्र वापरली होती, इतकेच.

हृदयास जपणारी औषधे

मधुमेहावरील गोळ्यांत मेटफॉर्मिनचे स्थान आजही अग्रभागी आहे. युरोपातील एका रानफुलाच्या झाडातील द्रव्यावरून त्याची कल्पना निघाली आणि १९५७ साली फ्रेंच वैद्य झाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. ते स्वस्त आहे व वजन वाढवीत नाही.

सगळीच औषधे अशी निर्धोक निघाली नाहीत. रोझिग्लिटाझोन या औषधाने साखर उतरत असे, पण हृदयविकाराचा धोका वाढतो अशी शंका २००७ साली पुढे आली. भारतात २०१० मध्ये त्याच्या विक्रीस बंदी करण्यात आली. साखर उतरवणारे औषध हृदयास बाधक असू शकते, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने २००८ साली असा दंडक घातला की, मधुमेहाचे नवे औषध हृदयास अपाय करीत नाही हे सिद्ध करावे. अपाय शोधण्यासाठी योजलेल्या या चाचण्यांतून अनपेक्षितपणे उपकार हाती लागला.

निरोगी मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात घेतात. हे परत घेणे अंशतः रोखणारी औषधे तयार झाली. त्यांच्यामुळे साखर मूत्रावाटे निघून जाते. जी मूत्राची गोडी प्राचीनांनी रोगाची खूण मानली, तीच येथे उपचाराचे साधन झाली. या वर्गातील एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेह्यांत पारखले गेले. २०१५ साली निष्कर्ष आला: हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू शेकडा ३८ ने घटले. हृदय दुर्बल झाल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही बरेच उतरले. मूत्रपिंडांनाही या वर्गाचा लाभ होतो. पुढच्याच वर्षी लिराग्लुटाइड या टोचून घ्यावयाच्या, आतड्यातील एका अंतःस्रावाची नक्कल करणाऱ्या औषधानेही हृदयविकार कमी केल्याचे दिसून आले. एम्पाग्लिफ्लोझिनच्या भारतातील पेटंटची मुदत २०२५ मध्ये संपल्यावर अनेक भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणले, आणि जे औषध मूठभरांना परवडत होते त्याची किंमत पुष्कळ उतरली.

यांच्या जोडीला कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन वर्गाची औषधे चाळिशीपुढील बहुतेक मधुमेह्यांना दिली जातात. ॲस्पिरिन मात्र सर्वांसाठी नाही. ज्यांना हृदयविकार झालेला नाही त्यांच्यात रक्तस्रावाचा धोका त्याच्या लाभाची बरोबरी करतो. यांपैकी कोणतेही औषध शेजाऱ्यास लागू पडले म्हणून आपण घेऊ नये. तसेच साखर ठीक आली म्हणून चालू औषध आपण होऊन बंद करू नये. ती ठीक आली ती बहुधा औषधामुळेच.

पायाची कथा

सी-स्कीमपासून थोड्याच अंतरावर सवाई मानसिंग रुग्णालय आहे. तेथे १९६८ च्या सुमारास कुशल कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो कृत्रिम पाय घडवला, तो 'जयपूर फूट' या नावाने जगभर गेला. विदेशी पाय बुटात घालावे लागत; त्यांनी उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे. रबर व लाकूड यांपासून बनवलेल्या या पायाने ते सर्व साधले. अपघातात पाय गमावलेल्यांना त्याने पुन्हा उभे केले.

परंतु पाय केवळ अपघातानेच जातो असे नाही. मधुमेह्याच्या पायातील मज्जातंतू बधिर होतात. चप्पल चावली, काटा रुतला, गरम पाण्याने पोळले तरी त्याला समजत नाही. त्यातच रोहिण्या अरुंद झालेल्या असल्याने जखमेस पुरेसे रक्त मिळत नाही; ती चिघळते, कोथ होतो आणि अखेर जीव वाचवण्यासाठी पाय काढावा लागतो. कृत्रिम पाय कितीही उत्तम असला तरी तो गमावलेल्या पायाच्या जागी बसतो. स्वतःचा पाय राखण्यास लागते ते थोडेच: रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत, स्वतःस दिसत नसल्यास घरच्यास पाहू द्यावेत, अनवाणी चालू नये, कुरूप स्वतः कापू नये, लहान जखमही डॉक्टरांस दाखवावी. शिवाय चालताना पोटरीत गोळा येणे व थांबताच तो जाणे, ही पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची खूण आहे. ज्याच्या पायाच्या रोहिण्या अरुंद आहेत, त्याच्या हृदयाच्या रोहिण्याही तपासावयास हव्यात.

काय मोजावे, काय करावे

उपाशीपोटी रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी ती २०० किंवा अधिक भरेल, तर मधुमेह मानतात. मात्र लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात. रक्तातील तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजणारी आणखी एक तपासणी आहे. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने तिच्यावरून मागील दोनतीन महिन्यांचा एकंदर हिशेब कळतो. तपासणीच्या आदल्या दिवशी पाळलेल्या उपासाने तिला फसवता येत नाही. तिचा आकडा शेकडा ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. उपचारात तो सामान्यतः ७ च्या आसपास राखण्याचा प्रयत्न करतात.

पण मधुमेह्याच्या वहीत एवढ्यावर थांबू नये. साखरेच्या शेजारी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर आणि मूत्रातील प्रथिन यांचे रकाने असावेत. वर्षातून एकदा डोळ्यांचे दृष्टिपटल व पाय यांची तपासणी व्हावी. तंबाखू, मग ती विडीतली असो, मिश्रीतली असो वा मळून खाल्लेली, पूर्णपणे सोडावी.

आहाराविषयी वेगळे पथ्य कमी आणि प्रमाण अधिक महत्त्वाचे आहे. ताटातील भाताचा ढीग लहान करावा, उसळ व पालेभाजी वाढवावी, ज्वारी-बाजरीची भाकरी पोटभर नव्हे तर मोजून खावी. जयपूरचे घेवर काय किंवा कोल्हापूरकडचा गूळ काय, गोड ते गोडच. 'गुळाने साखर वाढत नाही' या समजुतीस आधार नाही. तळण्यासाठी वनस्पती तूप आणि पुनःपुन्हा तापवलेले तेल वापरणे हृदयास विशेष बाधक आहे.

चालणे हे तर बिनखर्चाचे औषध होय. आठवड्यास निदान १५० मिनिटे भरभर चालावे, आणि स्नायूंना ताण देणारा थोडा व्यायाम करावा. कारण ग्लुकोज सर्वाधिक खपते ते स्नायूंतच. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा अभ्यास झाला. केवळ आहार व हालचाल सुधारल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा २८.५ ने घटल्याचे २००६ साली सिद्ध झाले. हे लोक अमेरिकन मापाने फारसे स्थूल नव्हते आणि मोठे वजनही त्यांना उतरवावे लागले नाही.

जयपूरच्या हृदयाच्या पाहणीत साखर का मोजली, याचे उत्तर आता स्पष्ट झाले असेल. साखर, रक्तदाब, मेद आणि हृदय हे चार रोग नव्हेत. एकाच रक्तवाहिनीवर होणाऱ्या आघातांची ती चार अंगे आहेत. तेव्हा हृदयविकार असलेल्याने आपली साखर किती हे विचारावे, आणि मधुमेह असलेल्याने साखरेचा आकडा चांगला आला तरी तेथेच न थांबता डॉक्टरांस पुढचा प्रश्न विचारावा: 'माझे हृदय आणि माझ्या रोहिण्या कशा आहेत?'